खवल्याचं घराणं, कातडीचं पाणी

डोंबिवली पश्चिमेला गोड्या पाण्याचे मासे विकणाऱ्या एखाद्या मावशीसमोर दहा मिनिटं उभं राहिलं, तर मासा हाताळायच्या तिच्या तीन तऱ्हा दिसतात. रोहू आला की ती त्याची शेपटी घट्ट धरते आणि सुरी शेपटीकडून डोक्याकडे उलटी ओढते. खवले टिकल्यांसारखे उडतात, तिच्या पदरावर, शेजारणीच्या टोपलीत, आपल्या चपलेवरसुद्धा. शिंगाळा किंवा मांगूर आला की आधी तळहाताला राख चोळते. तिथे खवले काढायचा प्रश्नच नसतो, मासा हातात टिकवणं हीच मेहनत असते. आणि मरळ आली, तर मानेशी चीर देऊन सगळी कातडी मोज्यासारखी ओढून काढते. मरळीचे खवले एकेक करून काढत बसायचं, तर मागचं गिऱ्हाईक निघून जाईल.

तीन मासे आणि तीन अंगरखे. एकाला पत्र्यांचं चिलखत, दुसऱ्याला नुसती बुळबुळीत कातडी, तिसऱ्याला सापासारखं गच्च बसलेलं कवच. हे तिन्ही एकाच नदीत सापडू शकतात. मग एकाच पाण्यातल्या प्राण्यांचं अंग इतकं वेगवेगळं कसं?

‘जसं पाणी तसं अंग’ हे शाळेतलं उत्तर. ते खरं आहे, पण अर्धंच. माशाची कातडी समजून घ्यायची तर पाण्याइतकंच त्याचं घराणंही विचारावं लागतं. आपल्या ठाणे-कल्याणच्या परिसरात या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघायची फार चांगली सोय आहे, कारण उल्हास नदी सुमारे १२२ किलोमीटरच्या प्रवासात पाण्याचा जवळजवळ प्रत्येक प्रकार दाखवते. राजमाचीच्या डोंगरांतले खळाळ, कर्जत-बदलापूरचे डोह, पावसात भरणारी भातखाचरं, आणि कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी भरती-ओहोटीबरोबर खाली-वर होणारी खाडी.

आधी खवला म्हणजे काय ते बघू. खवला कातडीवर चिकटवलेला नसतो, तो कातडीच्या आतल्या थरात, एका पिशवीत रुजलेला असतो. त्याच्यावरून जिवंत पेशींचा पातळ पडदा असतो आणि त्या पडद्यावर बुळबुळीत श्लेष्माचा थर. म्हणजे आपण माशाला हात लावतो तेव्हा खवल्याला नाही, त्याच्यावरच्या कातडीला हात लावत असतो. खवले ओरबाडले गेलेला मासा परत पाण्यात सोडला तरी पुष्कळदा मरतो तो यामुळेच. त्याच्या अंगाला शेकडो उघड्या जखमा झालेल्या असतात.

रोहूच्या खवल्याचा बाहेरचा भाग आपल्या हाडात असतं त्याच खनिजाने कडक झालेला असतो. आतला भाग कोलॅजनच्या तंतूंचा, आणि त्या तंतूंची मांडणी प्लायवूडसारखी: एका थराची दिशा एक, पुढच्याची वेगळी. म्हणून खवला नखाने वाकतो, पण चटकन तुटत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पिरान्हाच्या दातांशेजारी राहणाऱ्या अरापायमा या प्रचंड माशाने हीच रचना टोकाला नेली आहे. त्याचा एक खवला दहा सेंटिमीटरपर्यंत लांब असतो. वर कडक थर आणि खाली दाब येताच आपली दिशा बदलून घेणारे तंतू, अशा जोडीमुळे पिरान्हाचा दात त्यातून आरपार जात नाही.

खवल्यांची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. पिल्लू बोटाएवढं होण्याच्या सुमारासच अंगावरचे सगळे खवले उगवून झालेले असतात. पुढे मासा वाढतो तसा प्रत्येक खवला वाढतो, खवल्यांची संख्या वाढत नाही. रोहूच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली हालचाल टिपणारी ती इंद्रियांची ओळ असते. तिच्यावरचे खवले मोजले, तर बोटभर पिल्लात आणि पाच किलोच्या माशात आकडा तोच, चाळीसच्या आसपास. म्हणूनच मासे ओळखणारे अभ्यासक रंगापेक्षा या मोजणीवर जास्त विसंबतात.

आणि खवला वाढतो तो कडेने, झाडाच्या खोडासारखा. पुढच्या वेळी रोहू आणलात तर कुशीवरचा एक खवला बाजूला काढून ठेवा. कोमट पाण्यात धुवा, वाळवा, दोन काचांमध्ये दाबून उजेडासमोर भिंगाखाली धरा. मधल्या बिंदूभोवती शेकडो बारीक वर्तुळं दिसतील. खायला भरपूर होतं तेव्हाची वर्तुळं सैल असतात, वाढ अडली तेव्हाची दाटीवाटीने बसलेली. थंड देशांत हा दाट पट्टा हिवाळ्याचा असतो, तिथे तो मोजून माशाचं वय काढतात. आपल्याकडे हिवाळा तेवढा कडक नसतो. आपल्या माशांची वाढ अडते ती उन्हाळ्यात पाणी आटताना आणि पावसाच्या तोंडावर, सगळी ताकद अंड्यांकडे वळते तेव्हा. कधी कधी असा खवला हाती येतो की त्याचा मधला भाग कोराच असतो, वर्तुळं फक्त कडेला. तो दुसरेपणी उगवलेला खवला. पहिला कधीतरी गळून पडला, कुणाच्या तोंडातून सुटताना किंवा दगडाला घासून, आणि त्या जागी नवा घाईघाईने पुऱ्या मापाचा वाढला. त्याच्याआधीच्या वर्षांची नोंद त्यात नसते.

आता नदीच्या माथ्याकडे जाऊ. पावसाळ्यात राजमाचीच्या पायथ्याचे ओढे इतक्या वेगाने उतरतात की माणसाचा पाय ठरत नाही. तिथे करंगळीएवढे मासे दगडाला धरून राहतात. त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा म्हणजे मळ्या. याचं शास्त्रीय नाव गारा मुल्या, आणि त्यातलं ‘मुल्या’ आपल्याच मळ्यावरून आलेलं आहे. लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा पुष्कळ नव्या जातींना त्याने इथल्या लोकांच्या तोंडचीच नावं लॅटिनचा वेष चढवून दिली. मुल्या, मूरेह, कोलस, खुदरी, बालूकी, लोनाह. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात या माशांच्या बाटलीवर आजही हेच शब्द असतात. ज्या भोई-कोळ्यांनी ती नावं साइक्सला सांगितली त्यांची नावं मात्र कुठे उरली नाहीत, याची मला खंत वाटते.

मळ्याचा खालचा ओठ रुंद होऊन त्याची चकती झालेली असते. ती दगडावर टेकवून तो प्रवाहाला तोंड देतो. पाठ-कुशीवर नीट खवले असतात, पण दगडाला घासणाऱ्या छातीकडे ते बारीक होत जातात, कातडीत रुततात, याच्या काही भाऊबंदांत तिथे नाहीसेच होतात. दगडाला चिकटायचं तर मधे पत्रे नकोत, मऊ कातडी हवी. पहिल्या पावसात ओल्या कातळावरून, बंधाऱ्याच्या भिंतीवरून मळ्ये इंचाइंचाने वर चढताना ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे अधिक सांगायला नको.

याच पाण्यातले मुरे पातळ, लांबट, दगडांच्या फटीत शिरणारे. त्यांचे खवले इतके बारीक की कातडी उघडीच वाटते. सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाला, भीमेच्या खोऱ्यात साइक्सला जो ‘लोनाह’ भेटला तो तर मूळचा बिनखवल्याच्या घराण्यातला, शिंगाळ्याच्या दूरच्या नात्यातला. खवला नसल्याने छातीची कातडीच त्याने कामाला लावली. त्याच्या छातीवर उभ्या घड्या असतात, बारीक चुण्यांसारख्या, आणि त्या घड्यांवर एकेका पेशीपासून बनलेली शिंगासारखी सूक्ष्म टोकं. ती दगडाच्या खडबडीत पृष्ठावर अडकतात. डोंगरी प्रवाहातल्या अशा माशांवर डॉ. सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोलाचं काम केलं. वेगवेगळ्या घराण्यांतले मासे खळाळात येऊन एकसारखे चपटे आणि चिकटे कसे होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. पण चिकटण्याचं साधन प्रत्येकाने आपल्या घरात होतं त्यातूनच घडवलं. कुणी ओठातून, कुणी छातीच्या कातडीतून.

उतार संपला की डोह लागतात. सह्याद्रीच्या डोहांचा राजा महाशीर. साइक्सने त्याला ‘खुदरी’ नावाने नोंदवलं. त्याचे खवले तळहातावर ठेवले तर बांगडीच्या वर्तुळाची आठवण होते, इतके मोठे. पार्श्वरेषेवर जेमतेम पंचवीस-सत्तावीस. वैतरणेच्या काठी तिळसे इथे, वाडा तालुक्यात, देवाचे मासे म्हणून राखलेला डोह आहे. हा तालुका २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. काठावरून चुरमुरे टाकले की पाण्याखाली मोठी अंगं वळतात आणि खवल्यांची जाळी क्षणभर चमकून जाते. लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटा पॉवरने १९७०च्या दशकात महाशिराची पैदास सुरू केली. लाखो बोटुकल्या तिथून देशभर गेल्या.

महाशिराचं चिलखत पाहून सरळ वाटतं की दगडांवर आपटणाऱ्या पाण्यात राहायचं म्हणून एवढे जाड, मोठे पत्रे. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. मग एकदा शेताच्या चरातली खवली पकडून मोजली. खवली म्हणजे पोरं फडक्यात पकडतात तो बोटभर मासा, साचलेल्या, कोमट, चिखलाळ पाण्यातला. दगड नाहीत, प्रवाह नाही. तिच्या पार्श्वरेषेवरही पंचवीसच्या जवळपास खवले! खवली आणि महाशीर दोघेही कार्प माशांच्या मोठ्या कुळातले, जवळचे नातेवाईक. मोठ्या खवल्यांचा वारसा दोघांना घरातून मिळालेला. महाशिराने तो डोहात वापरला, खवलीने चरात. याच कुळातला, मूळचा चीनमधला सिल्व्हर कार्प मात्र उघड्या पाण्यात सतत पोहत राहतो, आणि त्याच्या पार्श्वरेषेवर शंभराहून अधिक बारीक खवले असतात. अंग सतत वळवायचं तर पत्रे लहान असलेले सोयीचे पडतात.

घराण्याला पाण्याने कसं वाकवलं हे बघायचं तर तिबेटच्या पठारावर जायला हवं. तिथे कार्प कुळातलेच मासे आहेत. डोंगराच्या खालच्या भागात राहणाऱ्यांच्या अंगावर बारीक खवले आहेत. जसजसं वर जावं तसतसे खवले विरळ होत जातात, आणि चिंगहाई सरोवरातला मासा जवळजवळ नागडा आहे. त्याला तिथे तेच नाव पडलं आहे. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना खवल्यांची एकेक ओळ तेवढी उरली आहे.

बारवीच्या जलाशयासारख्या उघड्या पाण्यात आणखी एक तऱ्हा दिसते. साइक्सची ‘बालूकी’ हा चांदीच्या पात्यासारखा लहान मासा. त्याचे खवले हात लावताच गळतात. ही चमक खवल्याची स्वतःची नसते, त्याखाली ग्वानिन नावाच्या द्रव्याचे स्फटिक आरशासारखे बसलेले असतात. चहूकडून उजेड असलेल्या पाण्यात आरसा झालेला मासा दिसेनासा होतो. आणि तोंडात धरलाच, तर भक्ष्य करणाऱ्याच्या जबड्यात चार खवले राहतात, मासा निसटतो. गंमत अशी, की भारतातल्या नद्यांतला चांदा नावाचा काचेसारखा पारदर्शक लहानगा मासा मुद्दाम दुसऱ्यांच्या अंगावरचे खवले तोडून खातो. खनिज आणि प्रथिनं असलेला हा खाऊच आहे.

आता चिखलात उतरू. शिंगाळा, शिवडा, चिवणी, मांगूर, शिंगी ही सगळी मिशीवाली मंडळी. यांच्या कुळात खवला नाहीच. दक्षिण अमेरिकेतल्या काही शाखांनी पुढे हाडांच्या तकटांचं नवं चिलखत चढवलं. काचेच्या टाकीत शेवाळ खायला ठेवतात तो ‘सकर’ मासा त्यातला, हौस फिटल्यावर लोकांनी नदी-तलावांत सोडलेला आणि आता भारतातल्या अनेक नद्यांत जाळी फाडणारा. आपले मिशीवाले मात्र उघडेच राहिले. का, याचं उत्तर त्यांच्या कातडीत सापडतं. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. मिशा तर चव घेतातच, पण त्यांच्या पाठीवर, कुशीवर, शेपटीवरही चवीच्या कळ्या असतात. अमेरिकेतल्या एका अशा माशाच्या अंगावर त्या लाखाहून जास्त मोजल्या गेल्या. आपल्या जिभेवर काही हजारच असतात. शिवाय दुसऱ्या प्राण्याच्या स्नायूंतून निघणारी अतिक्षीण वीज टिपणारी छिद्रंही त्याच कातडीत. शिंगाळा चिखलातून जातो तेव्हा सगळ्या अंगाने चाखत जातो. एवढ्या जाणत्या कातडीवर पत्रे बसवले असते तर हे सगळं झाकलं गेलं असतं. चिलखताची उणीव भरून काढायला पंखांत काटा आहेच. शिंगीच्या काट्याला तर विष असतं. तो एकदा टोचला की संध्याकाळपर्यंत हात ठणकतो.

मावशीला राख लावायला लावणारा बुळबुळीत थर हाही यांचा मोठा आधार. खवल्यांच्या माशांत तो असतोच, पण बिनखवल्यांच्यात दाट. त्यात जंतूंना मारणारी द्रव्यं असतात, प्रतिपिंडं असतात. तो सतत तयार होतो आणि सतत धुतला जातो, त्यामुळे बुरशीला अंगावर मुळं धरायला उसंत मिळत नाही. कातडीच्या पेशींत आणखी एक गुपित असतं. १९३८ साली कार्ल फोन फ्रिश यांच्या लक्षात आलं, की एक मासा जखमी झाला की त्याच्या फाटलेल्या कातडीतून असं काही पाण्यात मिसळतं, की सगळा थवा घाबरून पांगतो. कार्प आणि मिशीवाले दोन्ही कुळं हा इशारा बाळगतात. काठावर गळ टाकणारे लोक पहिला मासा हिसकून निसटला की जागा बदलतात, ते उगाच नाही.

मरळ या दोघांपेक्षा निराळी. तिच्या डोक्यावरचे खवलेसुद्धा सापाच्या डोक्यासारखे मोठ्या तकटांचे, आणि अंगावरचे घट्ट. ती हवेत श्वास घेते. कल्ल्यांच्या वर तिला खास पोकळी असते आणि पृष्ठभागावर येऊन घोट घेता आला नाही तर ती पाण्यात असूनही गुदमरते. डबकं आटलं की ती ओल्या गवतातून दुसऱ्या पाण्याकडे सरपटत जाते. वाटेत खडे, काटक्या, ऊन. असा प्रवास करणाऱ्याला घट्ट खवल्यांचं अंग उपयोगी पडतं. मांगूरही जमिनीवरून जातो, पण त्याचा भरवसा बुळबुळीत थरावर. त्याला ओली रात्र लागते.

गोड्या पाण्यात राहणंच मुळात कातडीची परीक्षा पाहणारं आहे. माशाचं रक्त नदीच्या पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे पाणी सतत आत झिरपायला बघतं. मनुका पाण्यात फुगते ना, तसं. मासा ते पाणी पातळ लघवीवाटे बाहेर टाकत राहतो, पण मुळात आत यायलाच कमी आलं पाहिजे. हे काम खवला नाही, कातडीच्या पेशी आणि श्लेष्मा करतात, आणि त्यांना हुकूम देतं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक. आपल्याकडे आईला दूध येतं ते याच संप्रेरकामुळे. १९५९ मध्ये ग्रेस पिकफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं, की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढलेला एक लहान मासा खाऱ्या पाण्यात जगतो, गोड्या पाण्यात मरतो, आणि प्रोलॅक्टिन टोचलं की गोड्यातही तगतो. ज्या रेणूने पुढे बाळाला दूध पाजलं, त्याचं फार जुनं काम माशाला नदीत जिवंत ठेवायचं होतं, हे वाचल्यापासून खाडीच्या तोंडाशी उभं राहिलं की मला त्याची आठवण येते.

कारण खाडीत हा हुकूम रोज पाळावा लागतो. जिताडा समुद्रात जन्मतो, वाढायला खाडीतून गोड्या पाण्यात चढतो. त्याचे खवले रोहूसारखे गुळगुळीत काठाचे नसतात, मागच्या कडेला बारीक दाते असतात. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं की कानशीसारखं खरखरतं. आणि दुर्गाडीपासून ठाण्यापर्यंतच्या चिखलावर निवट्या. ओहोटीला चिखलावर उड्या मारणारा, डोळे वटारलेला हा मासा कातडीनेही श्वास घेतो. कातडीच्या अगदी वरच्या थरात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं, हवेतला प्राणवायू तिथून थेट रक्तात जातो. मोठ्या पत्र्यांनी हे जाळं झाकून चालत नाही, म्हणून त्याचे खवले अगदी बारीक आणि रुतलेले. कातडी वाळली तर तो श्वास थांबतो, म्हणून तो मधेच चिखलात एका कुशीवर लोळून अंग ओलं करून घेतो. ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला तेव्हा छायाचित्रं छापली गेली रोहित पक्ष्यांची. माझ्या मते त्या मानात निवट्याचाही वाटा आहे.

इथवर आपण वेगवेगळ्या कुळांची तुलना केली. पण एकाच जातीचा मासा पाणी बदलल्यावर अंग बदलतो का? बदलतो, आणि आश्चर्य वाटावं इतक्या लवकर. उत्तर गोलार्धात स्टिकलबॅक नावाचा बोटभर मासा आहे. समुद्रात राहणाऱ्यांच्या कुशीवर हाडांच्या तीसहून जास्त तकटांची रांग असते, गोड्या तळ्यांत राहणाऱ्यांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. अलास्कातलं लोबर्ग तळं १९८२ मध्ये मासेमारी खात्याने औषध घालून रिकामं केलं होतं. पुढे समुद्राकडून चिलखती स्टिकलबॅक त्यात शिरले, आणि १९९० नंतरच्या दोन दशकांत तिथल्या बहुतेकांची चिलखतं उतरली. २००५ मध्ये या बदलामागचा मुख्य जनुक सापडला. त्याचं छोटं नाव ईडीए. हाच जनुक माणसात बिघडला तर केस विरळ येतात, दात थोडे येतात, घामाच्या ग्रंथी नीट होत नाहीत. चार्ल्स डार्विनने सिंधमधल्या अशा एका कुटुंबाची नोंद केली होती. जपानच्या भातखाचरांतल्या मेडाका माशात याच साखळीतला दुसरा जनुक बिघडला, तर खवलेच येत नाहीत. म्हणजे माशाचा खवला आणि आपल्या डोक्यावरचा केस उगवायचा निरोप एकाच जुन्या भाषेतला आहे.

उलटाही प्रवास झालाय. युरोपात साफ करायला सोपा म्हणून थोडेच, मोठे खवले असलेला ‘आरसा कार्प’ निवडून वाढवला गेला. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मादागास्करला नेला. तिथे नदी-तळ्यांत निसटलेल्यांची संतती शंभर वर्षांच्या आत पुन्हा अंगभर खवल्यांची झाली. माणसाला नको असलेले खवले नदीला हवे होते.

आता उल्हासचं आजचं पाणी. उन्हाळ्यातही ती वाहती राहते, कारण सह्याद्रीपलीकडच्या आंध्रा जलाशयाचं पाणी भिवपुरीच्या वीजगृहातून १९२२ पासून या खोऱ्यात उतरतं. पण खाली येता येता तिच्यात वस्त्यांचं सांडपाणी मिसळतं आणि वालधुनी मिळते. शके ९८२ म्हणजे १०६० सालचं अंबरनाथचं शिवमंदिर ज्या वालधुनीकाठी आहे, तिच्यात २०१४ च्या नोव्हेंबरात कुणीतरी रसायन ओतलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना वायुबाधा होऊन रुग्णालयात न्यावं लागलं. माणसांचं हे, तर ज्यांची कातडी चोवीस तास त्याच पाण्यात, त्यांचं काय? साबणाची द्रव्यं माशाच्या अंगावरचा श्लेष्मा धुऊन काढतात. रसायनाचा त्रास झाला की मासा जास्त श्लेष्मा सोडतो, तो कल्ल्यांवर साचतो आणि श्वास अडवतो. श्लेष्मा गेलेल्या जागी बुरशी शिरते. १९८८ मध्ये ईशान्येकडून भारतात आलेला व्रणांचा रोग अशाच एका बुरशीसारख्या जीवाचा. त्याने मरळी आणि खवली माशांना फार गाठलं, अंगावर लालभडक खड्डे पडले. एरवी ओल्या गवतातून सरपटत जाणारी, घट्ट खवल्यांची मरळ तिच्याच डबक्यात हरली.

जलपर्णीने झाकलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात शेवटी टिकतात ते हवेचा घोट घेणारे आणि मूळची आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणलेली टिलापिया, म्हणजे बाजारातली चिलापी. मळ्याला दगड स्वच्छ लागतो. गाळाने आणि शेवाळाच्या चिकट थराने झाकलेल्या दगडावर त्याची ओठाची चकती पकड घेत नाही. बाजारातल्या टोपलीत नुसती चिलापी आणि मांगूर दिसू लागले, की वरच्या पाण्याची खबर मला तिथेच कळते.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की टिटवाळ्याकडे काळू नदीच्या काठच्या शेतांत वलगण लागते. नदीचे मासे अंडी घालायला चरांतून खाचरांत चढतात आणि माणसं पाग, फडकी, टोपल्या घेऊन धावतात. पोटात अंडी असलेले मासे असे ओरबाडून नेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, आणि हल्ली गावातली काही जाणती माणसंही तसं बोलतात. गेल्या पावसात एका बांधावर आठ-नऊ वर्षांचा मुलगा एकटाच चरात हात घालून बसला होता. खवली सापडली की तो ती मुठीत सहज घ्यायचा, खवल्यांमुळे ती निसटत नव्हती. मळ्या दगडासकट उचलायचा. चिवणी आली तेव्हा त्याने आधी ओंजळीत ओला चिखल घेतला, मग डोक्यामागून, काट्यांच्या मागे दोन बोटं ठेवून तिला धरलं. आणि मरळीचं पिल्लू गवतावरून सळसळत चाललेलं दिसल्यावर उठला नाही, नुसता बघत राहिला, ते पलीकडच्या खाचरात पोचेपर्यंत.